राजधानीचे स्थलांतर आणि सेवकवर्ग : राजगड, रायगड व जिंजी यांचे एक मूल्यमापन

प्रस्तावना

कार्यालयाची जागा बदलली म्हणजे चांगली माणसे मिळतील व मिळालेली टिकतील, अशी अपेक्षा आधुनिक प्रशासनात वारंवार व्यक्त होते. आयर्लंडच्या शासनाने २००३ मध्ये दहा हजारांहून अधिक पदे डब्लिनबाहेर हलविण्याची योजना जाहीर केली. परंतु स्वेच्छेने जाणाऱ्यांची संख्या अपुरी पडली, त्यात आर्थिक संकटाची भर पडली आणि २०११ मध्ये ती योजना रद्द करण्यात आली. मराठ्यांच्या इतिहासात सत्तेचे मुख्य ठाणे अनेकदा हलले. त्यांपैकी दोन स्थलांतरांचा संबंध भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) या परिसराशी येतो. या स्थलांतरांची कारणे प्रामुख्याने लष्करी होती, हे निर्विवाद. तथापि त्यांचा सेवकवर्गावर काय परिणाम झाला, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

राजगड ते रायगड

गुंजण मावळातील मुरुंबदेवाच्या डोंगरावर बांधलेला राजगड हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याचे सुमारे दोन तप मुख्य ठाणे होते. बारा मावळांतील देशमुख व त्यांचे पाईक हा या राज्याचा पहिला सेवकवर्ग होय. राजगड त्यांच्या घरापासून फार दूर नव्हता. चाकरी आणि शेतीवाडी एकाच मुलुखात असल्यामुळे माणसे टिकविण्याचा प्रश्न काही अंशी भूगोलानेच सोडविला होता.

राज्याचा विस्तार झाल्यावर ही सोय अपुरी ठरू लागली. राजगडाच्या अरुंद माच्यांवर विस्तृत दरबार व दफ्तरखाना यांना जागा मर्यादित होती. १६७० नंतर रायगडास प्राधान्य मिळाले आणि ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला. जगदीश्वर मंदिराच्या शिलालेखात हिरोजी इंदुलकर यांचे नाव असून गडावर उभारलेल्या वास्तूंचा उल्लेख आहे. सदर, वाडे, तलाव व बाजारपेठ यांच्या अवशेषांवरून सेवकांच्या वास्तव्याची सोय हा राजधानीच्या रचनेचाच भाग होता, असे दिसते.

मात्र केवळ वास्तूंमुळे माणसे टिकली, असे म्हणता येत नाही. वतनाऐवजी रोख वेतन देणे, गडावर हवालदार, सबनीस व कारखानीस यांच्यात अधिकारांची विभागणी करणे आणि पदे वंशपरंपरागत होऊ न देणे ही या व्यवस्थेची प्रमुख सूत्रे होत. मुख्य प्रधानास वर्षास १५,००० होन व अमात्यास १२,००० होन वेतन होते, असे अभ्यासकांनी नमूद केले आहे. जागा बदलली तरी सेवेच्या अटी स्थिर राहिल्या. या स्थलांतराचे यश त्यात सामावलेले आहे.

रायगड ते जिंजी

१६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज रायगडाहून निघाले आणि त्याच वर्षी तामिळ देशातील जिंजीस पोहोचले. पाठोपाठ रायगडही मोगलांच्या हाती पडला. केंद्र दूर गेले आणि सेवकवर्गाचा मोठा भाग मावळातच राहिला. मोगलांकडून मनसब व वतनाची आमिषे दाखविली जात होती. कारीच्या जेधे घराण्यातील बाजी सर्जेराव जेधे यांना परत येण्याचे आवाहन करणारे राजाराम महाराजांचे १६९० मधील पत्र ही अडचण स्पष्ट करते. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना ६ लाख होनांच्या सरंजामाचे आश्वासन देण्यात आले. त्याचा काही भाग रायगड, विजापूर, भागानगर व औरंगाबाद जिंकल्यावर आणि उरलेला दिल्ली जिंकल्यावर मिळावयाचा होता. रिकाम्या खजिन्यातून वेतन देता येत नव्हते, म्हणून भावी विजय हेच वेतन ठरविण्यात आले.

याच काळात दुसरा उपायही योजण्यात आला. महाराष्ट्रातील कारभाराचे अधिकार ‘हुकूमतपनाह’ या पदवीसह रामचंद्रपंत अमात्य यांच्याकडे सोपविले गेले. त्यांचे सहकारी शंकराजी नारायण यांनी राजगड, रोहिडा यांसारखे किल्ले परत मिळविले. सर्व सेवकांना केंद्राजवळ नेण्यापेक्षा ते जेथे आहेत तेथे निर्णयाधिकार पोहोचविणे, हा या व्यवस्थेचा अर्थ होता. राज्य तगले, यात तिचा वाटा मोठा आहे.

किंमत

परंतु वतन व सरंजाम देऊन टिकविलेला सेवक पुढे परत नेमता किंवा बदलता येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांच्या बळाविषयी व नव्या वृत्ती देण्याविषयी दिलेला इशारा या संदर्भात महत्त्वाचा आहे. ज्यांच्या कारकिर्दीत ही दाने झाली, त्यांच्याच नावाच्या ग्रंथात त्यांविषयी सावधगिरी सांगितलेली आहे. १७०७ मध्ये शंकराजी नारायण यांचा मृत्यू झाला आणि सचिवपद त्यांच्या अल्पवयीन पुत्राकडे, नारो शंकर यांच्याकडे गेले. दफ्तराचे नियमन करणारे पद अशा रीतीने कुळाची मालमत्ता झाले. पंतसचिवांचे भोर संस्थान हा त्याचाच परिणाम असून ते १९४८ मध्ये विलीन झाले.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, स्थलांतर तेव्हाच फलदायी होते जेव्हा निवास व वेतन यांची तजवीज आधी केलेली असते. दुसरी, केंद्र हलविणे शक्य वा इष्ट नसेल तेव्हा अधिकारांचे वाटप हा समर्थ पर्याय आहे. तिसरी, माणसे टिकविण्यासाठी आज दिलेली सवलत उद्या संस्थेच्या अधिकारालाच मर्यादा घालू शकते. पुण्यासारखे महानगर जवळ असलेल्या डोंगरी तालुक्यांत शिक्षक, वैद्यकीय अधिकारी व महसूल कर्मचारी मुख्यालयी कसे राहतील, याचा विचार करताना केवळ इमारतीची जागा ठरवून भागणार नाही. त्या जागी राहणाऱ्याच्या कुटुंबाचे जगणे कसे असेल, हेही ठरवावे लागेल.