गोल डब्याला पकड: फिल्टर पान्याची कुळकथा

खोपोलीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून गॅरेजं का थाटली गेली, हे समोरच्या घाटाकडे पाहिलं की कळतं. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हापासून चढणीआधी दम खायचं ठिकाण म्हणजे खोपोली. बैलगाड्या गेल्या, मोटारी आल्या, 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला. चढण मात्र तीच राहिली. भरल्या गाडीने खालच्या गिअरमध्ये घाट चढताना इंजिन तापतं, ऑईल पातळ होतं आणि त्यातला कचरा अडवायचं काम फिल्टर निमूटपणे करत राहतो. सर्व्हिसिंगच्या दिवशी तो फिरवायला जावं, तर जागचा हलत नाही.

मग मिस्त्री भिंतीवरच्या खिळ्याचा फिल्टर पाना काढतो. या पान्याचं कुळ मोटारीपेक्षा जुनं आहे. ते सापडतं पाइप जोडणाऱ्यांच्या धंद्यात.

नटाला सहा बाजू असतात, त्या पान्याच्या तोंडात बसतात. पाइप गोल, त्याला धरायचं कुठे? अमेरिकेत वाफेचे पाइप घरोघर पोहोचू लागले तेव्हा हा प्रश्न रोजचा झाला. डॅनियल स्टिल्सन या कारागिराने 1869 मध्ये त्यावरच्या पान्याचं पेटंट घेतलं. आपण ज्याला पाइप पाना म्हणतो, तो हाच. त्याचा वरचा जबडा मुद्दाम थोडा सैल ठेवलेला असतो. दांडा ओढला की तो कलतो आणि दात पाइपात रुततात. जोर वाढेल तशी पकड वाढते. जाड पाइपांसाठी जबड्याच्या जागी साखळी आली, आणि ज्या पाइपावर दातांचे वण चालणार नाहीत त्यासाठी पट्टा आला. रूपं तीन झाली, तरी ओढीनेच पकड आवळायची ही युक्ती तिन्हींत एकच.

खोपोलीला पाइपांचं अप्रूप नाही. 1915 मध्ये टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं, तेव्हापासून घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी डोंगरउतारावरच्या जाडजूड पाइपांतून खाली येतं आहे. पुढे स्टीलचे पाइप बनवणारा झेनिथचा कारखानाही इथेच उभा राहिला. गोल वस्तू पकडायची कशी, हे ज्या गावातल्या फिटरांना शिकवावं लागत नाही, अशा गावांपैकी हे एक.

मोटारीच्या इंजिनाला सुरुवातीला धड फिल्टरच नव्हता. जाळीतून मोठा कचरा अडला तर अडला. 1923 मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड यांनी प्युरोलेटर फिल्टर तयार केला आणि 1924 च्या क्रायस्लर गाडीत तसा फिल्टर दिसू लागला. त्यानंतर बरीच वर्षं चलती होती ती वाटीत बसणाऱ्या फिल्टरची. लोखंडी वाटी, आत बदलायचा कागदी किंवा कापडी गाभा आणि मधोमध लांब बोल्ट. आपल्या अँबॅसडरलाही असाच होता. साधा रिंग पाना लावला की काम झालं, मात्र गाभा बदलताना हात कोपरापर्यंत काळे.

1950 च्या दशकात वाटी, गाभा, रबर सगळं एकत्र करून पत्र्याचा बंद डबा आला. आट्यांवर फिरवून बसवायचा, जुना झाला की अख्खा फेकायचा. 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने हा डबा आपल्याकडे घरोघरच्या गाडीत नेला. काम सोपं झालं, पण बोल्ट गेला आणि त्याबरोबर पाना लावायची जागाही गेली. उरला गुळगुळीत, तेलकट, गोल पत्रा. तेव्हा मोटारवाल्यांनी पाइपवाल्यांची साखळी आणि पट्टा उसना घेतला.

या कुळात पुढे शाखा फुटल्या. हाताशी मोकळी जागा असेल तर पट्टा पाना बरा: दांडा ओढावा तसा पट्टा गाठीसारखा आवळत जातो. ट्रकच्या मोठ्या फिल्टरला चेन पाना. तो पत्रा चेचतो, पण फेकायच्या डब्याचं कौतुक कशाला? जागा अडचणीची असेल तर डब्याच्या बुडाला टोपीसारखा बसणारा कप पाना, मागे गोटी पान्याचा दांडा. मात्र त्याचं माप तंतोतंत हवं. 74 मिलिमीटरच्या डब्यावर 76 चा कप नुसता घसरतो. मापं वेगवेगळी येत असतील तर तीन पायांचा पाना, ज्याचे पाय फिरवताना आपोआप आत मिटतात. हातात यातलं काहीच नसेल तर खरखरीत पॉलिश पेपर डब्याभोवती गुंडाळूनही पकड येते.

कोणताही पाना घ्या, पट्टा किंवा साखळी डब्याच्या मध्यावर घालू नका. मधला पत्रा पातळ, तो चेपतो आणि फिल्टर तिथेच. इंजिनाला टेकलेल्या कडेजवळ आत जाड तबकडी असते. पकड तिथे घ्यावी. आणि स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायचा उपाय अगदी शेवटचा. पत्रा फाटत गेला की तबकडी आट्यांवर राहते, मग छन्नी-हातोडा आला. शिवाय सांडलेलं काळं ऑईल गटारातून पाताळगंगा नदीच्या वाटेला लागतं.

आता बऱ्याच नव्या गाड्यांत कागदी गाभा परत आला आहे. वरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला पुन्हा षट्कोनी डोकं दिलेलं असतं, तिथे मापाची गोटी चालते. शंभर वर्षांत डब्याला कोपरे होते, गेले आणि परत आले.

पण या सगळ्या पान्यांची गरज बहुतेकदा फिल्टर बसवण्याच्या दिवशीच निर्माण होते. कोरडं रबर दाबून बसवलं, वर पान्याने आवळलं, की उष्णतेने ते कडक होतं आणि इंजिनाला चिकटतं. म्हणून जुनं रबर निघालं का ते पाहावं. ते मागे राहून त्यावर नवं बसलं तर दाबाने सगळं ऑईल बाहेर येतं. टेकायची जागा पुसून घ्यावी, नव्या रबराला बोटाने ऑईल लावावं. मग रबर टेकेपर्यंत हाताने फिरवून पुढे साधारण पाऊण फेरा, किंवा डब्यावर छापलं असेल तेवढाच. बसवताना पान्याला हात लावायचा नाही. एवढी शिस्त पाळणाऱ्या मिस्त्रीचा फिल्टर पुढच्या खेपेला साध्या पट्टा पान्याने सुटतो, आणि जो मिस्त्री ही शिस्त आपल्या हाताखालच्या पोराला शिकवतो, तोच या हत्याराचा खरा जाणकार.