लाटणं रस्त्यावर आलं तेव्हा

1972 च्या दुष्काळाने मुंबईच्या चाळींतल्या चुली मंदावल्या. तेल, साखर, रॉकेल मिळेना. मिळालं तर परवडेना. रेशनच्या रांगेत पिशवी धरून तासन्तास उभं राहायचं आणि दुकानदाराचं ‘माल संपला’ ऐकून परतायचं, हे बायकांच्या अंगवळणी पडलं होतं.

मग त्या बाहेर पडल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते यांचे पक्ष वेगळे, पण महागाईविरोधी समिती एकच. कालपर्यंत पोळ्या करणारं लाटणं मोर्चात उंचावलं गेलं, रिकाम्या थाळ्या बडवल्या गेल्या. घरखर्च हा बायकांचा खासगी प्रश्न नाही, तो सरकारला विचारायचा प्रश्न आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. त्या पिढीचं हे ऋण मोठं आहे.

त्याआधीही महागाईतून वाट शोधणारे होतेच. नायगावात 1948 मध्ये गिरणी कामगारांनी सहकारी दुकान काढलं, तेच पुढे ‘अपना बाजार’ झालं.

1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी महिन्याची यादी एकत्र करायची, माल घाऊक भावात आणायचा आणि एखाद्या घरी वाटून घ्यायचा. सतरंजीवर पोती उघडलेली, एकीची नजर तराजूच्या काट्यावर, दुसरी वहीत नावापुढे खूण करतेय. तूरडाळीचे सांडलेले दाणेसुद्धा वेचून ज्याच्या त्याच्या पिशवीत जायचे.