आरसा आणि झडप

कोणत्याही स्वयंपाकघरांत दोन जातींचीं उपकरणें आढळतात. एक, जीं नित्य हाताशीं असतात. दुसरीं, जीं हौसेनें येतात आणि चार दिवसांत माळ्यावर जातात. दुसऱ्या जातीचीं उपकरणें कमी बुद्धीनें घडविलेलीं असतात, असें मात्र नाहीं. यांतील मर्म दोन शोधांचा इतिहास ताडून पाहिला असतां ध्यानांत येतें.

पहिली हकीकत मुंबईची आहे. विल्यम ॲडम्स हा इंग्रज गृहस्थ मुंबईच्या उच्च न्यायालयांत डेप्युटी रजिस्ट्रार होता. उष्ण देशांत सरपणाऐवजीं सूर्याची उष्णता कां वापरूं नये, हा त्याचा ध्यास. भांड्यावर कांच आणि भोंवतीं आठ आरसे, अशी त्याची सूर्यचूल होती. ऐन जानेवारींत, म्हणजे मुंबईच्या थंडींत, सात शिपायांचा मांस व भाजी यांचा शिधा तीवर दोन तासांत शिजला. 1878 सालीं त्यानें या विषयावर मुंबईंतच पुस्तकही प्रसिद्ध केलें. प्रयोग यशस्वी झाला. पण मुंबईच्या घरांतील चुली होत्या तशाच धुमसत राहिल्या.

पुढें स्वातंत्र्यानंतर, 1950 नंतरच्या दशकांत, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनें अंतर्गोल आरशाची सूर्यचूल तयार केली. सरपणाचा खर्च वांचावा आणि धुरानें झोंबणारे बायकांचे डोळे निवावेत, याहून उदात्त हेतु कोणता असणार? तरीही ती घरोघरीं रुजली नाहीं. तिच्या भौतिकशास्त्रांत उणें नव्हतें. परंतु गृहिणीची खरी घाई सूर्य वर येण्यापूर्वी आणि तो मावळल्यानंतर असते. शिवाय सूर्य सरकला कीं आरसा फिरवावयाचा, ढग आला कीं थांबावयाचें, आणि हें सारें घराबाहेर, भर उन्हांत उभें राहून!

दुसरी हकीकत लंडनची. 1679 सालीं दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें घट्ट झांकणाच्या भांड्यांत वाफ कोंडून अन्न शिजविण्याची युक्ति काढली. उघड्या भांड्यांतील पाणी समुद्रसपाटीवर 100 अंशांवर उकळतें. वाफ कोंडली कीं उकळण्याचा अंश चढतो, आणि आजच्या कुकरांत तो 120 च्या आसपास जातो. कोंडलेल्या वाफेनें भांडें फुटूं नये म्हणून पापँनें वजनानें दाबलेली झडप बसविली. आपल्या कुकरची शिटी ही त्याच झडपेची वंशज होय. 1682 सालीं रॉयल सोसायटीच्या सभासदांनीं या पात्रांतील भोजन केलें, आणि हाडेंसुद्धां मऊ झालेलीं पाहून ते विस्मित झाले. तथापि तें पात्र जड होतें, आणि कोंडलेल्या वाफेची धास्ती होतीच. त्यामुळें तें दीर्घकाळ कौतुकाचाच विषय राहिलें.

आपल्या देशांत प्रेस्टिज व हॉकिन्स हे कुकर 1959 च्या सुमारास तयार होऊं लागले. पापँच्या शोधाला तोंवर 280 वर्षें लोटलीं होतीं! मध्यंतरीं धातु हलका झाला होता, झांकण सहज बसूं लागलें होतें. पण या उपकरणाचें यश एवढ्यानें उलगडत नाहीं. तेंच घर, तोच विस्तव, तीच वेळ, आणि तीच तूरडाळ. यांतील कांहींही बदलण्याची अट कुकरनें घातली नाहीं. एकावर एक डबे ठेवून वरण आणि भात एकाच आंचेवर होऊं लागले. आरशाला गृहिणीचे डोळे हवे होते. कुकरला तिचा केवळ कान पुरला. शिट्या मोजतां मोजतां पोळ्या लाटतां येतात.

मग सूर्यचूल निरुपयोगी ठरली काय? तसेंही नाहीं. 2009 सालीं शिर्डीच्या साई संस्थानाच्या प्रसादालयाच्या गच्चीवर 73 मोठे परावर्तक बसविण्यात आले. त्यांनीं सूर्याच्या उष्णतेपासून वाफ करावयाची आणि ती नळांतून खालच्या पाकगृहांत पोंचवावयाची, अशी ही योजना. मोठ्या प्रसादालयांत रांधणें दिवसभर चालतें, म्हणून भर दुपारचें ऊनही तेथें कामीं येतें. आणि आचाऱ्याला उन्हांत उभें राहावें लागत नाहीं. सूर्य ॲडम्सचाच, परंतु या वेळीं तो स्वयंपाकघरांत आला. स्वयंपाक करणाऱ्याला त्यानें बाहेर बोलाविलें नाहीं.

ॲडम्सची चूल अन्न शिजवीत होती, यांत शंका नाहीं. पण ती रोज कोण, केव्हां आणि कोठें उभें राहून वापरणार, हा प्रश्न आरसे बसविण्यापूर्वी विचारावयास हवा होता. आणि त्याचें उत्तर ठाऊक असलेली बाई जवळच्याच एखाद्या घरांत, धुरानें डोळे चोळीत, चुलीपाशीं बसलेली होती.