तेलवात, पोथी आणि ई-बुक रीडर

ग्रंथसंग्रहाचा इतिहास लिहिणारे बहुधा ग्रंथांविषयीं लिहितात. ते ग्रंथ कोठें ठेविले जात आणि कोणत्या उजेडांत वाचले जात, या दोन गोष्टींकडे त्यांचें फारसें लक्ष जात नाहीं. आमचेंही गेलें नसतें. परंतु गेल्या वैशाखांत गंगाखेड तालुक्यांतील एक गृहस्थ, आमचे जुने विद्यार्थी, तांबड्या रुमालांत बांधलेलें एक बाड घेऊन परभणीस आमच्या घरीं आले आणि म्हणाले, "सर, या पोथ्यांचे फोटो काढून त्या ई-बुक रीडरमध्यें घालून द्या. एकदां तें झालें कीं पोथ्या गंगेंत सोडून देतों. घरांत ठेवायला जागा नाहीं, आणि वाळवी लागली आहे." गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात, आणि जीर्ण पोथी रद्दींत न घालतां नदींत विसर्जन करणें ही अनादराची रीत नव्हे, उलट आदराचीच आहे. तेव्हां त्यांस एकदम नाहीं म्हणणें आमच्यानें झालें नाहीं. बाडाचीं पानें मोजलीं तीं २१२ भरलीं, दोन्ही बाजूंस लिहिलेलीं. ज्ञानेश्वरीचे कांहीं अध्याय, पांडवप्रतापाचा एक भाग, आणि शेवटीं कोणा पूर्वजानें उतरून घेतलेल्या आरत्या.

जागेची टंचाई आजची नव्हे. दौलताबादेजवळील कागजीपुऱ्यांत कागद हातानें होत असे, आणि हातानें केलेला कागद उधळण्याइतका स्वस्त कधींच नसतो. म्हणून जुना लेखक दोन शब्दांत अंतर सोडीत नाहीं. ओळ अथपासून इतिपर्यंत भरून काढितो, आणि पद कोठें तोडावयाचें तें वाचणाऱ्याच्या व्युत्पत्तीवर सोंपवितो. यास आपण आज हस्तलिखितांचें वैशिष्ट्य म्हणतों; तें मुळांत काटकसर होय. (महानुभावांच्या सकळ लिपीचा हेतु निराळा, गुप्ततेचा, तिची गणना येथें करूं नये.) इतकें करूनही ग्रंथ मोठा असला म्हणजे पानें वाढत, बाड जड होई, आणि घरांत ज्ञानेश्वरीची संपूर्ण प्रत असणें ही मिरविण्याजोगी गोष्ट ठरे.

उजेडाचें तसेंच. दिवसां शेतीभातीचीं कामें, वाचन रात्रीं. आणि रात्रीचें वाचन म्हणजे करडईच्या तेलाचा दिवा. चातुर्मासांत देवळांत एकानें वाचावें आणि गांवानें ऐकावें, या प्रथेचें वर्णन आपण भक्तीचें लक्षण म्हणून करितों. तें खोटें नाहीं. पण एक पोथी, एक दिवा आणि एक वाचतां येणारा मनुष्य, एवढ्या सामग्रींत साऱ्या गांवाची वाङ्मयाची भूक भागविण्याचा दुसरा मार्ग तरी कोणता होता? गमतीची गोष्ट ही कीं, लेखक ग्रंथाच्या शेवटीं वाचकांस ज्या विनवण्या करितात, त्यांत पाणी आणि सैल बांधणी यांच्याबरोबर तेलापासूनही पोथी जपा असें सांगितलेलें असतें. ज्या तेलावांचून ती वाचतां येत नसे त्याचेंच भय! आमच्या समोरच्या बाडांतही पांच-सहा पानांवर तेलाचे डाग होते, आणि ते नेमके तेथें होते जेथें कथा रंगली आहे.

पुढें रेल्वे आली, पुण्यामुंबईचीं छापील पुस्तकें येऊं लागलीं. निजामी राजवटींत वरचें शिक्षण उर्दूंतून चाललें असतांही परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या संस्थांनीं मराठी पुस्तकांस कपाट दिलें. हा भाग सर्वश्रुत आहे.

आतां या नव्या पोथीकडे वळूं. १९९७ सालीं स्थापन झालेल्या ई इंक कंपनीच्या पडद्यावर २००४ सालीं सोनीनें जपानांत लिब्रिए नांवाचा रीडर काढला. तो चार लहान पेन्सिल सेलांवर चाले. म्हणजे सेल संपले तर कोणत्याही वाण्याच्या दुकानांतून आणावे. २००७ च्या नोव्हेंबरांत अॅमेझॉननें किंडल काढलें. त्याचा सांठा २५६ मेगाबाइट, पुस्तकें सुमारें २००. परंतु त्यास बाहेरचें मेमरी कार्ड बसविण्याची खांच होती, आणि पाठीमागचें झांकण काढून बॅटरीही बदलतां येई. २००९ मध्यें दुसरें किंडल आलें. सांठा २ गिगाबाइट झाला, पुस्तकें १५०० मावूं लागलीं, आणि खांच व झांकण दोन्ही नाहींशीं झालीं. सर्वांनीं वाढलेल्या सांठ्याची वाहवा केली. आमच्या मतें या यंत्राच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्याजोगें वर्ष हेंच. कोठी मोठी झाली, पण किल्ली घरधन्याकडून गेली.

मराठी वाचकास या २५६ मेगाबाइटांचा अर्थ इंग्रजी वाचकाहून वेगळा होता. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतांत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. 'की' म्हणजे क आणि वेलांटी मिळून सहा बाइट. 'क्षी' लिहावयाचें तर क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून बारा. तरीही ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्यांचा हिशेब केला तर तो आमच्या अदमासानें दोन मेगाबाइटांच्या आंतबाहेर येतो, आणि फाईल दाबून तोही पुष्कळ कमी होतो. तेव्हां अडचण अक्षरांची नव्हती. अडचण ही कीं आरंभींच्या यंत्रांस देवनागरी नीट जुळवितांच येत नसे. जोडाक्षरें फुटत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढें असावयाची ती मागें पडे. किंडलवर मराठी पुस्तकें रीतसर मिळूं लागलीं तीं २०१६ च्या डिसेंबरांत. तोंपर्यंत, आणि जुन्या ग्रंथांच्या बाबतींत आजही, मराठी वाचकाचा आधार म्हणजे पानाचें छायाचित्र; आणि चित्र अक्षराच्या अनेक पट जागा खातें. आमच्या बाडाचीं ४२४ पृष्ठें, दर पृष्ठास तीन मेगाबाइट, म्हणजे सव्वा गिगाबाइटाहून अधिक. पहिल्या किंडलांत या बाडाचा पांचवा हिस्साही मावला नसता. आज १६ गिगाबाइटांचीं यंत्रें साधारण झालीं आहेत, म्हणून हा प्रश्न मिटल्यासारखा दिसतो.

बॅटरीचा प्रश्न मात्र तसा मिटलेला नाहीं. ई इंकच्या पडद्यांत सूक्ष्म कुप्या असतात. त्यांत काळे व पांढरे कण विरुद्ध विद्युद्भारांचे. प्रवाह दिला कीं कण वरखालीं होतात, आणि एकदां बसले म्हणजे प्रवाह बंद केला तरी जागचे हालत नाहींत. त्यामुळें वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटतांना. मराठवाड्यांतील लोडशेडिंगचे दिवस ज्यांनीं काढले आहेत त्यांस या गुणाची किंमत सांगावयास नको. खेड्यांतल्या मुलास कंदिलाच्या उजेडांत वाचतां येणारें विजेचें यंत्र हेंच एक. परंतु कंपन्यांच्या आंकड्यांवर फार विसंबूं नये. २०११ सालीं एका प्रतिस्पर्ध्यानें आपला रीडर दोन महिने चालतो असें जाहीर करतांच किंडलच्या जाहिरातींतील एक महिन्याचे दोन महिने झाले. यंत्र तेंच, बॅटरी तीच. फक्त वाचक दिवसास एक तास वाचतो असें धरलें होतें तें अर्धा तास धरलें. वाचनाची गोडी निम्मी करून बॅटरीचें आयुष्य दुप्पट करण्याची ही युक्ति आमच्या पाहण्यांत दुसरी नाहीं.

शिवाय लिथियमच्या बॅटरीस उष्णता सोसत नाहीं. ती न वापरतां ठेविली तरी झिजते आणि उन्हांत लवकर झिजते. किंडलच्या सूचनापत्रांत तें ० ते ३५ अंशांत वापरावें असें म्हटलें आहे. परभणींत वैशाखांतल्या दुपारीं पारा ४२-४३ वर असतो. ज्या महाविद्यालयांत आम्ही शिकवितों तेथील ग्रंथालयाच्या पत्र्याखालच्या खोलींत असाच एक रीडर, कोणत्या कंपनीचा तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, तीन उन्हाळे कपाटांत राहिला. त्या गृहस्थांस दाखविण्यासाठीं आम्ही तो बाहेर काढला. पडद्यावर रिकाम्या बॅटरीचें चित्र होतें. रात्रभर चार्जिंगला लावला. सकाळीं तेंच चित्र. कण जागचे हालत नाहींत हा गुण खरा, त्याचा असा प्रत्यय येईल असें वाटलें नव्हतें. आंत कोणकोणतीं पुस्तकें होतीं तें आतां ग्रंथपालासही सांगतां येईना.

गृहस्थ कांहीं वेळ तें यंत्र हातांत धरून बसले. मग म्हणाले, "सर, आमच्या आजोबांनीं हें बाड रझाकारांच्या वेळीं ज्वारीच्या पेवांत पुरून ठेवलं होतं. वर्षभर. वर काढलं तेव्हां खालचीं चार-दोन पानं गेलीं होतीं, बाकी वाचतां येत होतं." आम्ही विचारलें, कीं मग वाळवीचें काय? त्यावर त्यांच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि खरें पाहतां आमच्यापाशींही नव्हतें. कागद अमर आहे असें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. एवढेंच म्हणालों, कीं छायाचित्रें अवश्य काढूं, तीन निरनिराळ्या जागीं ठेवूं, दर चार-पांच वर्षांनीं नव्या यंत्रांत उतरवूं. पूर्वी पोथी जीर्ण झाली कीं नवी प्रत करीत, तसेंच हें. पण पोथी गंगेंत सोडण्याचा विचार तेवढा तूर्त राहूं द्या.

दोन दुपार हें काम चाललें. पहिल्या दिवशीं एकशें चाळिसाव्या पानाशीं वीज गेली, पंखा थांबला, आणि थोड्या वेळानें फोनची बॅटरीही संपली. गृहस्थांनीं पानें एकावर एक नीट लावलीं, डाव्या हातानें दाबून धरलीं, आणि खिडकीच्या उजेडांत पांडवप्रतापाचा पुढचा भाग वाचूं लागले. पदें तोडतांना ते दोनदां अडखळले. संध्याकाळीं जातांना त्यांनीं विचारलें, रुमालासाठीं मांजरपाट कोणत्या दुकानांत चांगला मिळेल.