ख्रिस्त राजाची शाळा

इ.स. १८८४ साली बाल्टिमोर येथे अमेरिकेतील बिशपांची परिषद भरली. प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत धर्मग्रामाची शाळा उभी राहावी, असा आदेश तिने दिला. आयर्लंड, पोलंड, इटलीहून बोटीने आलेल्या मजुरांची मुले या शाळांत शिकली. फी अल्प असे, आणि ती तशी राहू शकली, कारण शिकविणाऱ्या धर्मभगिनी जवळजवळ विनावेतन राबत होत्या. गरिबाच्या मुलाची फी खरे म्हणजे त्या भगिनी आपल्या दारिद्र्यव्रतातून भरीत होत्या. हे ऋण पुरेसे नोंदविले गेलेले नाही, असे मला वाटते.

१९६५च्या सुमारास तेथील कॅथलिक शाळांत ५० लाखांहून अधिक मुले होती. पुढे व्रतस्थ जीवनाची पाचारणे घटली, प्रापंचिक शिक्षकांना पगार देणे आले, फी वाढली आणि शहरांतील गरीब वस्त्यांमधल्या अनेक शाळा बंद पडल्या.

शिकागोच्या पिल्सन भागात नव्वदीच्या दशकात येशूसंघीय धर्मगुरूंपुढे हाच पेच होता. (मुंबईत १८६९ साली सेंट झेवियर्स कॉलेज स्थापन करणारा हा संघ आपल्याला परका नाही.) वस्ती मुख्यत्वे मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांची. आईबापांना मुलांना महाविद्यालयापर्यंत नेणारी शाळा हवी होती. पण बहुतेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी कुणी चढलेले नव्हते आणि खाजगी शाळेची फी परवडणारी नव्हती. पेरू देशात तीस वर्षांहून अधिक काळ सेवा केलेले फादर जॉन फोली यांच्याकडे ही कामगिरी आली. पैशाचा मार्ग रिचर्ड मरे या सल्लागारांनी सुचविला: मुलांनाच नोकरी द्यावी.

चार विद्यार्थ्यांनी मिळून कचेरीतील एक पूर्ण वेळ जागा सांभाळायची. प्रत्येकाने महिन्यातून पाच दिवस बँकेत किंवा वकिलाच्या कचेरीत काम करायचे, बाकीचे दिवस वर्गात बसायचे. पगार शाळेकडे जमा होई व त्यातून शिक्षणाचा बराचसा खर्च निघे. १९९६ साली ‘क्रिस्तो रे’, म्हणजे ख्रिस्त राजा, या नावाने शाळा सुरू झाली. मेक्सिकन माणसाला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. १९२७ साली मेक्सिकोत गोळ्या घातलेले येशूसंघीय धर्मगुरू मिगेल प्रो यांनी ख्रिस्त राजाचाच जयघोष करीत प्राण सोडला होता.

चौदा वर्षांच्या मुलाने कामाला जावे, हे ऐकून आपल्या कपाळाला आठी पडेल. ती पडावीच. अमेरिकेच्या कायद्यानेही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या वेळात कामास मनाई केली होती. २०१० साली तेथील कामगार खात्याने नियम बदलून, महाविद्यालयाची तयारी करून घेणाऱ्या अशा अभ्यासक्रमांना अटींसह सूट दिली. मजुरी मुलाला शाळेतून ओढून नेते. येथे कामामुळे मूल शाळेत टिकते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

नोकरी योजली ती फीसाठी. पण तिचा मोठा लाभ निराळाच निघाला. कामावर धाडण्यापूर्वी उन्हाळ्यात मुलांना शिकवीत ते काय? हस्तांदोलन कसे करावे, दूरध्वनीवर कसे बोलावे, कागदपत्रे कशी लावावीत. मग कचेरीत पदवीधर माणसांशेजारी वावरताना ती माणसे कुठे शिकली, काय शिकली, हे मुलाच्या कानावर पडू लागले. ज्या घरातून पहिलेच मूल महाविद्यालयाकडे निघते, तेथे बुद्धी कमी नसते. अर्ज केव्हा करावा, शिष्यवृत्ती कुठे मिळते, अडल्यावर कोणाचे दार ठोठावावे, हे सांगणारे कुणी नसते. अमेरिकन सरकारने ही उणीव १९६५ सालीच ओळखून ‘अपवर्ड बाउंड’ योजना काढली होती. तीत गरीब घरची मुले उन्हाळ्यात महाविद्यालयाच्या आवारात राहून शिकत.

शिकागोचा कित्ता इतर शहरांनी गिरविला. आज या साखळीत चाळीसच्या आसपास शाळा आहेत. परंतु प्रवेश मिळणे निराळे आणि पदवी हाती येणे निराळे, हेही त्यांना कळले. महाविद्यालयात गेलेले मूल पैशाच्या ओढीने, घरच्या जबाबदारीने मधेच परत येई. म्हणून या शाळांनी विद्यापीठांशी भागीदारी केली, आणि शाळा सोडून गेलेल्या मुलांची तेथेही विचारपूस करणारे सल्लागार नेमले.