वॉटसनचें हॉटेल आणि त्यांतील अतिथि

राजवाड्यांचा इतिहास बखरकार लिहितो, देवालयांचा इतिहास शिलालेख सांगतात. परंतु पांथस्थ जेथें दोन रात्री उतरून निघून जातो अशा घराचा इतिहास कोणी लिहावा? अशा घराला राजवंश नसतो व अधिष्ठात्री देवताहि नसते. त्याचा खरा इतिहास म्हणजे तेथें उतरलेल्या अतिथींच्या आठवणी. मुंबईच्या वॉटसन हॉटेलाविषयीं अशा कांहीं आठवणी लेखनिविष्ट झालेल्या आहेत. त्या नुसत्या मनोरंजक नाहींत. आश्रय देणारा कोण, घेणारा कोण आणि दाराबाहेर उभा राहणारा कोण, या प्रश्नावर त्यांनीं चांगलाच प्रकाश पडतो. म्हणून प्रस्तुत लेखांत त्यांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरमोरीकडील आमच्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं दूरचा वाटेल. वैनगंगेच्या काठच्या या मुलखांत पूर्वीं वाटसरू उतरे तो देवळाच्या मंडपांत, धर्मशाळेंत, किंवा ओळख असली तर मालगुजाराच्या ओसरीवर. पैसे मोजून खोली घ्यावी व पैसे मोजून जेवावें ही कल्पना जुन्या माणसांस चमत्कारिकच वाटे. साहेब लोकांसाठीं मात्र डाकबंगला किंवा जंगलखात्याचा बंगला असे, आणि साहेबाचा डेरा पडला कीं लाकूड, गवत, दूध पुरविण्याची व ओझें वाहण्याची वेठ गांवावर पडे. म्हणजे अतिथीचें सुख आणि सेवकाचे कष्ट यांचा संबंध आमच्या अरण्यांतहि अपरिचित नव्हता. मुंबईस तो लोखंडाच्या पांच मजल्यांत उभा राहिला, इतकेंच.

वॉटसनचें हॉटेल ज्या काळांत जन्मास आलें तो काळ लक्षांत घेतला पाहिजे. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडील कापूस विलायतेस येईनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसानें मुंबईंत सोन्याचा पाऊस पडला. त्याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या अमदानींत किल्ल्याचे जुने तट पाडून एस्प्लनेडची मोकळी जागा इमारतींस देण्यांत आली. तेथें जॉन वॉटसन या इंग्रज कापडव्यापाऱ्यानें ही इमारत उठविली. तिचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या स्थापत्यविशारदाचा. खांब, तुळ्या व सज्जे इंग्लंडांत ओतवून जहाजांनीं आणले आणि येथें जोडले. भार सगळा लोखंडी सांगाड्यावर. भिंती केवळ आडोशापुरत्या. १८६७ ते १८६९ या काळांत बांधकाम होऊन १८७१ सालीं हॉटेल सुरू झालें. सुमारें एकशें तीस खोल्या, तळमजल्यावर उपाहारगृह, नृत्यासाठीं दालन, आणि समुद्राचा वारा घेण्यास प्रत्येक मजल्याला सज्जा, असा तो थाट होता. तो मुख्यतः युरोपियन लोकांसाठीं होता, हें सांगावयास नकोच.

या हॉटेलांत १८९६ च्या जानेवारींत मार्क ट्वेन हा अमेरिकन ग्रंथकार पत्नी व कन्या यांसह उतरला. कर्ज फेडण्यासाठीं साठाव्या वर्षीं व्याख्यानें देत तो पृथ्वीप्रदक्षिणा करीत होता. पुढील वर्षीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें या वास्तव्याचें जें चित्र काढलें आहे त्यांत विनोदाची रेलचेल आहे. सामान वर नेण्यास चौदा माणसांची मिरवणूक निघाली आणि प्रत्येकाच्या हातांत एकच जिन्नस होता, असें तो सांगतो. सज्जाच्या कठड्यावर बसून मनुष्यमात्राच्या वागण्यावर टीका करणारे मुंबईचे कावळे त्यानें अजरामर करून ठेविले आहेत. पहांटेस उठणारा गलबला, दारांची धडधड, नोकरांच्या हांका, कांहींहि त्याच्या दृष्टींतून सुटलेलें नाहीं.

परंतु या हंशाच्या मध्येंच एक प्रसंग येतो आणि वाचक थबकतो. खोली दाखविण्यास आलेल्या एका धिप्पाड जर्मन गृहस्थास सज्जाच्या दाराचें कांहीं काम नीट झालेलें दिसलें नाहीं. एक नोकर गुडघे टेंकून तें करूं लागला. पण काय चुकलें हें सांगण्यापूर्वींच त्या गोऱ्या गृहस्थानें त्याच्या गालावर चपराक दिली. नोकरानें ती निमूटपणें सोसली. चेहऱ्यावर रागाचा लवलेशहि उमटूं दिला नाहीं. ट्वेन म्हणतो कीं पन्नास वर्षांत आपण असा प्रकार पाहिला नव्हता. त्या क्षणीं त्याचें मन मुंबईंतून उडून मिसुरी प्रांतांतील आपल्या बाळपणाच्या गांवीं गेलें. तेथें गुलामगिरी होती, आणि एरवीं दयाळू असलेला त्याचा बापहि गुलाम पोराच्या तोंडांत मारी. दहा वर्षांचा असतां एका धन्यानें गुलामाच्या डोक्यांत लोखंडी दगड घातलेला त्यानें पाहिला होता; तासाभरांत तो गुलाम मेला. गांवाला तें आवडलें नाहीं, पण कोणी फारसें बोललेंहि नाहीं.

आमच्या मतें या हॉटेलासंबंधीं लिहिलेल्या सर्व मजकुरांत हीं पानें सर्वांत मोलाचीं होत. नृत्यें झालीं, मेजवान्या झाल्या, त्यांचे वृत्तांत विरून गेले; एका चपराकेची नोंद मात्र राहिली. आणि तरीहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्यानें मार खाल्ला त्याचें नांव ट्वेननें लिहिलेलें नाहीं. दुसऱ्या एका चपळ नोकराचें खरें नांव बाजूस सारून त्याला यानेंच थट्टेनें ‘सैतान’ हें नांव दिलें. अतिथि कितीहि सहृदय असला तरी लेखणी त्याच्याच हातीं असते. सेवकाची बाजू सेवकाबरोबरच जाते.

त्याच वर्षीं, ७ जुलै १८९६ रोजीं, याच हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा प्रयोग झाला. त्यांचा प्रतिनिधि मारियस सेस्तिए ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर मुंबईस थांबला होता. पॅरिसमधील पहिल्या प्रयोगास सात महिनेहि झाले नव्हते. तिकीट एक रुपया. प्रेक्षक बहुतेक युरोपियनच. परंतु आठवडाभरांत खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहांत हलला आणि येथील लोकांचे थवे लोटले. पुढें हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं स्वतःच कॅमेरा आणवून १८९९ सालीं कुस्तीचें चित्र घेतलें. जी वस्तु मूठभरांच्या करमणुकीसाठीं आली ती सर्वांची झाली.

वॉटसनमध्यें प्रवेश नाकारला म्हणून जमशेटजी टाटांनीं ताजमहाल हॉटेल बांधलें, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. इतिहासकारांनीं तिजविषयीं शंका घेतली आहे. शहराच्या उत्कर्षाची इच्छा व चांगल्या हॉटेलाची उणीव हीं कारणें त्यांस अधिक सयुक्तिक वाटतात. १६ डिसेंबर १९०३ रोजीं ताज उघडलें. त्याच्या मूळ आराखड्यांत सीताराम खंडेराव वैद्य या आपल्या स्थापत्यकाराचा हात होता. आख्यायिका खरी असो वा नसो, ती लोकांनीं इतक्या आवडीनें जपली याचा अर्थ उघड आहे: दार बंद झाल्याचें शल्य अनेकांच्या मनांत होतें, व त्याला एका थोर नांवाचा आधार हवा होता.

येथपर्यंत दोषाचें माप साहेबाच्याच पदरीं घालून वाचक समाधान पावेल. परंतु इतिहास इतका सोयीचा नसतो. १९१७ सालीं परदेशांतील उच्च शिक्षण आटोपून डॉ. भीमराव आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. हिंदूंच्या खाणावळींत जागा मिळणार नाहीं हें जाणून ते एका पारशी सराईंत, वहींत पारशी नांव लिहून, दिवसाला दीड रुपया देऊन राहिले. अंधाऱ्या, एकाकी जागेंत त्यांनीं दहा दिवस काढले. अकराव्या दिवशीं सुमारें बाराजण लाठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलें. एक हिंदु व एक ख्रिस्ती असे दोन स्नेही होते. दोघांनींहि आसरा देण्याचें टाळलें. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्या विद्वानानें एका सार्वजनिक बागेंत दिवस कंठला. ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे, आणि ती वॉटसनच्या सज्जांतील चपराकेइतकीच जळजळीत आहे. अतिथीस देव मानावें अशी उपनिषदांची आज्ञा असलेल्या देशांत देवाची जात मात्र आधीं विचारली जात होती. आमच्याकडील मंडप व ओसऱ्या याला अपवाद होत्या असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

याच काळांतील दुसरें चित्र निराळें आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृहांत लोकमान्य टिळक मुंबईस आले असतां उतरत. तेथेंच १ ऑगस्ट १९२० रोजीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर थोड्याच वेळानें, त्यांचें देहावसान झालें. सकाळ होतांच अंत्यदर्शनासाठीं लोकसागर त्या घराभोंवतीं जमला आणि गिरगांव चौपाटीपर्यंत त्यांच्यामागें गेला. भाड्यानें घेतलेली खोली त्या दिवशीं साऱ्या शहराचें घर झाली. अतिथि मोठा असला म्हणजे वास्तूला तो आपलें मोठेपण देऊन जातो, याचें याहून उत्तम उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

वॉटसनचें वैभव ताजपुढें मावळलें. पुढें खोल्यांचे गाळे झाले, न्यायालय जवळ असल्यानें वकिलांच्या कचेऱ्या आल्या, आणि इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नांवानें ओळखली जाऊं लागली. २००५ सालीं तिचा कांहीं भाग कोसळला. २०१९ सालीं ती रिकामी करण्यांत आली. ती पाडावी कीं राखावी, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. आमच्या मतें ती राखणेंच योग्य. परंतु केवळ तिच्या ओतीव खांबांसाठीं नव्हे. एका घरानें कोणाला आंत घेतलें, कोणाला बाहेर ठेविलें आणि आंतल्या सेवकाशीं तें कसें वागलें, याची ती साक्ष आहे.

हेंच काम आमच्या वैनगंगेकांठींहि करण्यासारखें आहे. डाकबंगल्यांच्या जुन्या वह्यांत साहेबांचीं नांवें सांपडतील. ज्यांनीं त्यांचीं ओझीं वाहिलीं त्यांचीं नांवें मात्र त्यांत नसतात. तीं वृद्धांच्या तोंडीं असलेल्या आठवणींत आहेत, आणि वृद्ध कायमचे नसतात. लेखणी आतां गांवोगांव पोहोंचली आहे; तेव्हां अतिथीनें न लिहिलेला इतिहास लिहून घेण्यास विलंब लागूं नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.