त्वचेवरून निदान: एहलर्स-डॅनलॉस लक्षणसमूहाचा इतिहास

हाताच्या मागच्या बाजूची त्वचा चिमटीत धरून ओढा आणि सोडा. ती थोडी ताणली जाते व लगेच जागेवर बसते. संयोजी ऊतीतील कोलॅजेन व इलॅस्टिन या प्रथिनांमुळे हे घडते. कोलॅजेनमध्ये जन्मजात दोष असल्यास त्याची पहिली खूण बहुधा त्वचेवर दिसते. मात्र कोणती खूण धोक्याची, हे ओळखायला वैद्यकाला तीन शतके लागली.

१६५७ मध्ये डच शल्यचिकित्सक योब फान मेकेरेन यांनी एका स्पॅनिश तरुणाची नोंद केली. तो छातीची त्वचा कानापर्यंत ओढू शकत असे. पुढे १९व्या शतकात अशा लोकांचे पैसे घेऊन प्रदर्शन होऊ लागले. ताणली जाणारी त्वचा हे नवल ठरले. तो आजार आहे, हा विचार मागे पडला.

१८९२ मध्ये मॉस्कोचे चेर्नोगुबोव यांनी नाजूक त्वचा व सैल सांधे यांचा संबंध संयोजी ऊतीशी जोडला. १९०१ मध्ये डेन्मार्कचे एहलर्स यांनी त्वचेखालील रक्तस्रावाकडे, तर १९०८ मध्ये पॅरिसचे डॅनलॉस यांनी त्वचेच्या नाजूकपणाकडे लक्ष वेधले. या दोघांचे नाव आजाराला मिळाले.

खरा धोका मात्र वेगळ्याच रुग्णांना होता. त्यांची त्वचा फारशी ताणली जात नाही. ती पातळ असते, छातीवरच्या शिरा आरपार दिसतात आणि किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात. १९६७ मध्ये बाराबस यांनी हा प्रकार वेगळा दाखवला. १९७५ मध्ये अशा रुग्णांत तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनची उणीव आढळली. हेच कोलॅजेन धमन्या, आतडी व गर्भाशय यांच्या भित्तींत भरपूर असते. म्हणून ऐन तारुण्यातही धमनी अचानक फुटू शकते. केवळ ताणली जाणारी त्वचा शोधणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेतून असे रुग्ण निसटत.

२०१७ च्या वर्गीकरणात या आजाराचे १३ प्रकार आहेत. धमन्यांच्या प्रकाराची खात्री जनुक तपासणीने होते. पण ती करावी, हे सुचवते त्वचाच. सावळ्या त्वचेत शिरा कमी ठळक दिसतात, हे आपल्या देशात विशेष ध्यानात ठेवावे. निदान वेळेत झाले तर धमनीत नळी घालणाऱ्या तपासण्या शक्यतो टाळता येतात, गर्भारपणात काळजी घेता येते आणि भावंडांचीही तपासणी करता येते.

विचार करा: सर्वांत ठळक लक्षण हेच सर्वांत महत्त्वाचे, असे आपण का मानतो?